परजीवींच्या स्लाइड्सचा सेट: स्लाइड्स घ्या, पुस्तिका बाजूला ठेवा

शाळेच्या लॅबसाठी माणसाला रोग करणाऱ्या परजीवींच्या तयार स्लाइड्सचा २५ चा सेट गोव्यातल्या मडगावच्या एका दुकानातून मागवला होता, आणि डिचोली-सत्तरीतले बरेच शिक्षक विचारतायत की कसा आहे, घ्यावा का, म्हणून सविस्तरच लिहिते. स्लाइड्स खरंच चांगल्या आहेत. सोबतची पुस्तिका मात्र मुलांच्या हातात देऊ नका, का ते खाली सांगते.

आधी चांगलं. लाकडी पेटी, प्रत्येक स्लाइडला वेगळी खाच, लेबलं स्पष्ट, आणि रंग छान बसलेला. सगळं मेलेलं आणि सीलबंद असतं त्यामुळे संसर्गाची भीती नाही, पालकांनी विचारलं तर हे सांगा. मुलांना सगळ्यात जास्त आवडली ती जिआर्डिया, दोन केंद्रकं अशी शेजारी शेजारी की दोन डोळ्यांचा चेहरा आपल्याकडे टक लावून बघतोय असंच वाटतं, त्यानंतर जुलाब आणि न उकळलेलं पाणी याबद्दल वेगळं काही समजावावं लागत नाही. अमीबाची पुटी (कवचात बंद झालेला अमीबा) पण आहे, आमांशाची, चार केंद्रकं मोजता येतात.

मलेरियाच्या दोन स्लाइड्स आहेत, परजीवीच्या दोन प्रकारांच्या, व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपेरम. इथे एक अडचण आहे, शाळेचा मायक्रोस्कोप साधारण ४०० पटीचा असतो आणि रक्ताच्या तांबड्या पेशीतला अंगठीसारखा कोवळा परजीवी नीट दिसायला तेल घालून वापरायचं १०० चं लेन्स लागतं, नाहीतर जांभळा ठिपका तेवढा दिसतो. फाल्सिपेरमची चंद्रकोर मात्र ४०० वर पण ओळखू येते, ती आधी दाखवा. हीच चीज लाव्हेरान या फ्रेंच डॉक्टरने १८८० साली अल्जीरियात पहिल्यांदा रक्तात बघितली आणि मग १८९७ मध्ये रॉस या ब्रिटिश डॉक्टरने सिकंदराबादला डासाच्या पोटात परजीवी शोधून काढला, हे सांगितलं की मुलं परत एकदा डोळा लावून बघतात. गोव्यात मलेरिया आता खूप कमी झालाय, पण बांधकामाच्या जागी साचलेलं पाणी आणि उघड्या टाक्या यात वाढणारा अ‍ॅनोफिलिस स्टेफेन्सी डास आपल्याकडे आहेच, आणि व्हायव्हॅक्सची खोड अशी की तो लिव्हरमध्ये झोपून राहतो आणि काही आठवडे-महिन्यांनी परत उठतो. ताप उतरला की लोक गोळ्या सोडतात, पण प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स असतो तो ह्या झोपलेल्यांसाठीच. पुस्तिकेत यातलं एक अक्षर नाही.

जंतांच्या अंड्यांची स्लाइड माझ्या मते अख्ख्या सेटमध्ये सगळ्यात कामाची. गोल जंताचं अंडं, बाहेर खडबडीत तपकिरी कवच, १०० पटीवर पण सापडतं. एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते आणि ती अंडी मातीत दोन-चार आठवडे पडून पक्व झाल्याशिवाय लागण करत नाहीत, म्हणजे गोड खाल्लं की जंत होतात हे जे घरोघरी बोललं जातं ना, ते ह्या एका स्लाइडवर संपतं. जंत गुळातून नाही, मातीच्या हातातून आणि न धुतलेल्या भाजीतून येतात. हुकवर्मचं पण अंडं आहे, पण त्याची गंमत अंड्यात नाही, अळीत आहे, ती पायाच्या कातडीतूनच आत शिरते, आणि सेटमध्ये अळीच नाही! आपल्याकडे ओल्या सावलीच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) माणसं अनवाणी फिरतात, हुकवर्मच्या अळीला नेमकी अशीच जमीन लागते, आतड्याला चिकटून तो रक्त पितो आणि हिमोग्लोबिन घसरत जातं, तर ती अळी हवीच होती.

आता मुख्य तक्रार. डुकराच्या टेपवर्मचं डोकं सुंदर दिसतं, चार चूषकं (आतड्याला चिकटायचे गोल) आणि वर आकड्यांच्या दोन रांगा. पण पुस्तिकेत खाली छापलंय की डुकराचं मांस खाल्ल्यामुळे हा किडा मेंदूत जातो. हे साफ चूक आहे. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातली पुटी (टेपवर्मच्या अळीची पिशवी) पोटात गेली तर आतड्यात टेपवर्म वाढतो, तिथेच राहतो. मेंदूत गाठी होतात त्या टेपवर्मची अंडी गिळल्याने, आणि ती अंडी येतात टेपवर्म असलेल्या माणसाच्या शौचातून, पाण्यातून, कोबी-कोथिंबिरीवरून, न धुतलेल्या हातातून. म्हणजे जन्मात कधी मांस न खाल्लेल्यालाही होतं. फिट येण्याच्या आपल्या देशातल्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे. आणि आमच्या वर्गात एका बाकावर चोरीस-पाव (डुकराच्या मांसाचं सॉसेज आणि पाव) खाणारा मुलगा आणि दुसऱ्या बाकावर शाकाहारी घरची मुलगी बसते, ह्या एका चुकीच्या ओळीने एकाच्या जेवणावर ठपका बसतो आणि दुसरीला वाटतं आपल्याला काही होणारच नाही. नीट शिजवलेल्या मांसात पुटी मरते, आणि हात-भाजी धुणं दोघांनाही सारखंच गरजेचं. मी दुकानदाराला हे लिहून कळवलंय, पुस्तिका कंपनीची आहे म्हणाले, बघू काय होतं.

हत्तीरोगाच्या मायक्रोफायलेरियाची (रक्तातल्या बारीक अळीची) स्लाइड चांगली आहे, भोवतीचं आवरण दिसतं. हा रक्तात रात्रीच जास्त सापडतो म्हणून तपासणीला रात्री रक्त घेतात, हे मुलांना फार नवल वाटलं. नारूची (पाण्यातून होणाऱ्या लांब जंताची) स्लाइड नाही, २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, तरी इतिहास म्हणून एक चित्र तरी असायला हवं होतं.

आपल्या हवेत जपायचं कसं, तर पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या, पावसात दर थोड्या दिवसांनी बदलायच्या, आणि खिडकीशी उन्हात ठेवायच्या नाहीत, रंग उडतात. एक स्लाइड तडकलेली आली होती, दुकानाने काहीही न बोलता बदलून दिली, सर्व्हिसला पूर्ण मार्क.

बजेट कमी असेल तर अख्खा सेट घेऊ नका, दुकानात सुट्या मिळतात का विचारा. गोल जंताचं अंडं, टेपवर्मचं डोकं, जिआर्डिया आणि फाल्सिपेरम एवढ्या चारांवर आठवीचं काम भागतं. १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला, अल्बेंडाझोलची गोळी देण्याआधी, मुलांना अंड्याची स्लाइड दाखवली तर गोळी चावून खायला कोणी कुरकुर करत नाही. पुस्तिकेऐवजी मी स्वतः दोन पानं मराठीत लिहून काढलीत, कोणता परजीवी कुठून आत येतो एवढंच त्यात आहे, कोणाला हवी असतील तर सांगा, पाठवते.