जाफना डे टूर : गाईडला पाच स्टार, जेवणाला दोन

फेब्रुवारीत श्रीलंकेला जाऊन आलो. आपले लोक जातात ते रामायण टूरला, अशोकवाटिका वगैरे, ते आम्हीपण केलं, पण मामांचा हट्ट होता की एक दिवस जाफन्याला जायचंच. मामा लष्कराच्या सिग्नल कोअरमधून हवालदार म्हणून रिटायर झालेत आणि आयपीकेएफमध्ये म्हणजे १९८७ च्या भारत-श्रीलंका करारावर तिकडे गेलेल्या आपल्या शांतीसेनेत दीड वर्ष काढून मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून जहाजाने परत आलेले. म्हणून ही गाडी-गाईडवाली डे टूर घेतली, श्रीलंकन २८ हजार, आपले साधारण ८ हजार, चार माणसांत वाईट नाही.

आधी रडगाणं. एसी दुपारी बंद पडला तो पडलाच. जेवायला "अस्सल जाफना जेवण" सांगून एका टूरिस्ट हॉटेलात नेलं, तिथे बुफेत नूडल्स!! जाफन्यात येऊन खेकड्याचा रस्सा नाही खायचा तर काय करायचं. किरीमलईच्या कुंडावर तासभर उगाच घालवला. आणि टूरवाल्यांचा जो छापील कागद देतात त्यात १९८१ ला लायब्ररी जाळली, ९७ हजार पुस्तकं गेली, इथून जी उडी मारली ती डायरेक्ट २००९, युद्ध संपलं तिथे. मधली आपल्या शांतीसेनेची अडीच-पावणेतीन वर्षं गायबच.

पण गाईड. पन्नाशी ओलांडलेला तमिळ माणूस, बोलायला शांत. मामांनी कुठे होते ते सांगितल्यावर तो जरा थांबला आणि हिंदीत म्हणाला "रुको, हाथ ऊपर, आयडी दिखाओ". म्हणे मला एवढीच हिंदी येते, तुमच्या चेकपोस्टवर शिकलो. मामा म्हणाले मला पण तमिळ येतं, "निल्लु" आणि "पो". थांब आणि जा. दोघं हसले, आम्हाला कळेना हसायचं का नाही.

नल्लूरच्या मंदिरात (पुरुषांना शर्ट काढावा लागतो, बनियन पण चालत नाही) दर्शन झालं आणि गाडीत वाद सुरू झाला तो संध्याकाळपर्यंत. मामांचं म्हणणं सरळ, की आपण लवकर निघालो. १ जून १९८९ ला श्रीलंकेचा राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा उठून म्हणतो जुलैअखेर चालते व्हा, ज्या सरकारच्या करारावर आपण गेलो तेच सरकार एलटीटीईला, म्हणजे तमिळ वाघांना, आपल्यावर झाडायला बंदुका देतंय, अशा वेळी शेपूट घालून निघायचं? राजीव गांधींनी ताणून धरलं ते बरोबरच होतं, तमिळांना अधिकार द्या मग जातो. २८ जुलैला मांडवली झाली, दुसऱ्या दिवशी फक्त ६०० जवान जहाजात बसवले, दाखवण्यापुरते. मग सप्टेंबरात ठरलं की ३१ डिसेंबरपर्यंत सगळे बाहेर, इकडे सरकार बदललं, व्ही. पी. सिंग आले, तरी शेवटचं जहाज निघायला २४ मार्च १९९० उजाडला. "अजून एक वर्ष दिलं असतं तर काम संपलं असतं," मामा.

गाईड आरशात बघून म्हणाला, "कोणतं काम?"

मामांना पटकन उत्तर आलं नाही. मलाही आलं नसतं. कारण आपण गेलो होतो तमिळ बंडखोरांची हत्यारं जमा करून घ्यायला. ४ जून १९८७ ला आपल्या विमानांनी जाफन्यावर अन्नधान्य टाकलं तेव्हा हा गाईड गच्चीवरून हात हलवत होता, आणि चार महिन्यांनी ऑक्टोबरात तीच सेना रणगाडे घेऊन शहरात. जाफना हॉस्पिटलसमोर त्याने गाडी थांबवली, २१ ऑक्टोबर, दिवाळीचा दिवस, पेशंट, डॉक्टर, नर्स मिळून साठ-सत्तर माणसं गेली. आपली बाजू अशी की आतून गोळीबार होत होता. मामांनी ते सांगितलं, त्याने ऐकून घेतलं, वाद नाही घातला. त्याच्या मते परत जायची तारीख तीच होती, दुसऱ्या दिवशी सकाळी.

मला मात्र सगळ्यात लागलं ते ८९ चं. आपण जाणार म्हटल्यावर मागे कोणीतरी उभं पाहिजे ना, म्हणून आपल्या मदतीने तमिळ नॅशनल आर्मी उभी केली, म्हणजे काय तर ईपीआरएलएफवाल्यांनी (एलटीटीईविरोधी, आपल्या बाजूची तमिळ संघटना) रस्त्यावरून, बसमधून पोरं उचलली आणि हातात बंदूक दिली. गाईड तेव्हा सतरा वर्षांचा, सहा महिने मावशीकडे पॉइंट पेड्रोला माळ्यावर लपून. वर्गातले दोघं सापडले. सेना हलली तशी ती पोरं एलटीटीईसमोर टिकलीच नाहीत. त्यांचेच, तिथल्या उत्तर-पूर्व प्रांताचे मुख्यमंत्री वरदराज पेरुमाळ भारतात गेले, पोरांना कुठलं जहाज. जुलै का डिसेंबर का मार्च यावर दिल्ली-कोलंबोत एवढी पत्रापत्री झाली आणि या पोरांचं काय करायचं हे कोणी ठरवलं होतं का? मामा म्हणाले आम्हाला फक्त सामान मोजायला सांगितलं होतं. मामा तारखेवर भांडत होते आणि गाईड माणसांवर, आणि खरं सांगू का, मला गाईडचं जास्त पटलं, मामांना हे अजून बोललो नाहीये.

कंतरोडई टूरमध्ये नव्हतं, मागितल्यावर नेलं, जास्तीचे पैसे नाही घेतले. छोटे छोटे दगडी स्तूप आहेत, बघायला छान, पण मामांना त्यासाठी जायचंच नव्हतं. याच गावाजवळ २५ नोव्हेंबर १९८७ ला ८ महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या तुकडीवर हल्ला झाला, छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच मारलं, मरणोत्तर परमवीर चक्र. जन्म मुंबईचा, शिक्षण सायनच्या एसआयईएसमध्ये. तिथे पाटी वगैरे काही दिसली नाही आम्हाला. मामांनी चपला काढल्या आणि उभे राहिले. गाईड जरा लांब झाडाखाली थांबला, फोन बघत.

परतीला मामा म्हणाले चेन्नईला उतरलो तेव्हा स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी आलेच नाहीत, सुमारे बाराशे माणसं घालवून आलो होतो. गाईड म्हणाला इथे निरोपाला पण कोणी नव्हतं.

तर बुकिंग करताना हाच गाईड मागा, नाहीतर तरुण पोरगा देतात जो कागद वाचून दाखवतो. बुफेला सरळ नाही म्हणा आणि नल्लूरजवळ आईस्क्रीम खा, मस्त असतं. कोलंबोला परत जाणार असाल तर पार्लमेंटजवळचं शांतीसेनेचं स्मारक बघा, नावं कोरलेली आहेत. त्रिंकोमालीचा रेट वेगळा आहे, मामांनी विचारून ठेवलाय, गाईड म्हणाला तुम्ही येणार असाल तर सुट्टी टाकून येतो.