आधी उजेड शिकायचा की ईएसआर?

एमएस्सी संपत आली की जळगावात कोणीतरी विचारतंच: सर, अतिथंड प्रयोगांकडे जायचंय, हात कशावर बसवू? वर्णपटावर की ईएसआरवर? वर्णपट म्हणजे उजेडाचे रंग वेगळे करून मोजणं; ईएसआर म्हणजे इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स, चुंबकीय क्षेत्रात एकटे इलेक्ट्रॉन हुडकायची रीत. बाहेर मे महिन्याचे ४५ अंश आणि पोराचा प्रश्न दीड केल्विनचा, म्हणजे उणे २७२ अंशांच्या आसपासचा. मला तर कौतुकच वाटतं.

अतिप्रवाही (अतिथंड, घर्षणाविना वाहणाऱ्या) हेलियममधले नायट्रोजनचे नॅनोक्लस्टर, म्हणजे अतिसूक्ष्म पुंजके, घ्या. नायट्रोजन मिसळलेल्या हेलियमची धार विद्युत विसर्गातून काढून २.१७ केल्विनखालच्या द्रव हेलियमवर सोडली, की नायट्रोजनचे सुटे अणू गोठलेल्या कणांत अडकून पडतात. ही रीत १९७४ साली रशियात निघाली. पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात आणि टेक्सासात भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ली यांच्या गटाने ती पुष्कळ वापरली. दोन सुटे अणू जुळले की ९.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मोकळी होते. थोडक्यात, ठिणगीवाचून थांबलेली कापसाची गंजी.

ईएसआर ही गंजी मोजतं. नायट्रोजनच्या अणूत तीन एकटे इलेक्ट्रॉन असतात, म्हणून तो दिसतो. रेणू दिसत नाही. नोंदीत उमटणाऱ्या रेषेखालच्या क्षेत्रफळावरून अणूंची संख्या कळते, आणि रेषा रुंदावली तर ते किती दाटीने बसलेत तेही. पण चुंबकीय क्षेत्र सावकाश फिरवून रेषा काढेस्तोवर भडका उडून विझलेला असतो. खर्चाचं तर बोलूच नका.

भडका पाहायचा तर उजेडच. जुळून तयार झालेला उत्तेजित रेणू आपली ऊर्जा शेजारच्या अणूला देतो, आणि तो अणू ५२३ नॅनोमीटरला हिरवा उजळतो. हा हिरवा लगेच मावळत नाही, कित्येक सेकंद रेंगाळतो. वायूत ऑक्सिजनचा अंश राहिला असेल तर तोही ५५७ च्या आसपास चुगली करतो. ध्रुवीय प्रकाशातला हिरवाही त्याचाच. कोणी कोणाला ऊर्जा दिली हे इथेच उलगडतं. फक्त उजेड जास्त म्हणजे अणू जास्त, असा हिशेब मांडू नका. न उजळलेले अणू मुकेच राहतात.

माझं मत विचाराल तर आधी उजेड. तुमच्या प्रयोगशाळेतल्या पाऱ्याच्या दिव्याची हिरवी रेषा ५४६.१ ला, म्हणजे या दोघांच्या मधे पडते. ग्रेटिंगवर (रंग वेगळे करणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीवर) ती नीट बसवता आली की निम्मं काम इथेच झालं. ‘ऊर्जा किती साठली’ हाच तुमचा प्रश्न असेल, तर मात्र ईएसआरला पर्याय नाही. मग मुंबईत टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) द्रव हेलियम एकदा पाहून या.

आणि हो भो, वर्णपटाला काळोख लागतो. आपल्याकडे तो भारनियमनात फुकट मिळतो, पण मग दिवाही बंद पडतो.