नॉन-स्किड डेकवर ऑक्झॅलिक ॲसिड: डाग जातात, पांढरी साय मागे राहते

बोटीच्या डेकवरचं नॉन-स्किड, म्हणजे पाय घसरू नये म्हणून उठवलेली नक्षी, ऑक्झॅलिक ॲसिडच्या पावडरने साफ केलं. डाग निघाले, हे आधी मान्य करून टाकतो. स्क्रूच्या डोक्याखालून उतरलेले गंजाचे नारिंगी ओघळ, पावसाळाभर चिकटून राहिलेल्या सागाच्या पानांचे तपकिरी ठसे, काथ्याच्या ओल्या पायपुसण्याने उठवलेला चौकोन, सगळं पंधरा-वीस मिनिटांत गेलं. मग डेक वाळला आणि नक्षीच्या खाचाखाचांत पांढरी साय दिसायला लागली. बोटाने पुसून जात नाही. ओली केली की लपते, वाळली की परत हजर. दुकानदाराचं म्हणणं, "पावडर चांगलीच आहे, तुमचं फायबर जुनं झालं." फायबरला काहीही झालेलं नाही. पुढचा बराचसा मजकूर या सायीबद्दलच आहे. ज्यांना नुसते तारे बघायचे आहेत त्यांच्यासाठी: हिवाळ्यात पाचपैकी तीन होते, आता चार.

वस्तू म्हणजे नागपूरच्या इतवारी बाजारात किलोच्या पुड्यात मिळणारे ऑक्झॅलिक ॲसिडचे स्फटिक, फरशी पॉलिश करणारे वापरतात तेच. घेताना शुद्ध स्फटिक मागा. 'मार्बल पॉलिश पावडर' म्हणून मिळणाऱ्या मिश्रणात आणखी काय काय असतं ते पुड्यावर लिहिलेलं नसतं. बोट छोटी, फायबरग्लासची, शिडाची, ट्रेलरवर ठेवली जाणारी. नॉन-स्किड साच्यातच उठवलेलं, हिऱ्याच्या नक्षीचं. वाळू मिसळलेल्या रंगाचं नॉन-स्किड असेल तर आधी कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर करून बघा, कारण जुना रंग फिका पडू शकतो.

बोटीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या आयात बाटल्या हजाराच्या पुढे जातात, आणि गंज काढणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत मुख्य काम करणारं द्रव्य हेच असतं. इथे किलोचा पुडा दोनशेच्या आत मिळाला. लिटरला ६० ग्रॅम धरले तर एका किलोत सोळा लिटर द्रावण होतं, म्हणजे लिटर बारा रुपयांना. एका लिटरमध्ये तीन ते चार चौरस मीटर नॉन-स्किड आरामात होतं. बाटलीतला जेल उभ्या भागावर धरून राहतो, पावडरचं पाणी ओघळतं, एवढाच काय तो फरक. त्यावर उपाय मैद्याच्या खळीचा: शिजवून थंड केलेल्या पातळ खळीत द्रावण मिसळा आणि त्याच दिवशी संपवा. किंवा जुन्या सुती कापडाची पट्टी भिजवून डागावर पसरा, वर प्लास्टिक टाका. हट्टी गंजाला पट्टीच बरी.

नॉन-स्किडवर रसायनाशिवाय पर्याय का नाही, तेही सांगतो. जेलकोटची, म्हणजे फायबरग्लासवरच्या रंगीत रेझिनच्या थराची, जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, नक्षीच्या टोकांवर त्याहून कमी, आणि त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. गुळगुळीत भागावर कंपाउंड (घासून चमकवायची पेस्ट) मारता येतं, वॅक्स लावता येतं. इथे कंपाउंड फक्त टोकं झिजवतो, खाचेतल्या मळापर्यंत पोचतच नाही, आणि वॅक्स लावलं तर नॉन-स्किड हे नाव पुसून टाकावं लागेल. प्रेशर वॉशरचं अरुंद नोझल अगदी जवळ धरलं तर टोकांचे टवके उडतात. तारेचा ब्रश आणि स्टील वूल तर डेकच्या जवळपासही नको. त्यांचे बारीक तुकडे खाचेत अडकतात आणि पहिल्याच पावसात नव्या नारिंगी टिकल्या उठतात. शेजारी वेल्डिंग-ग्राइंडिंगचं काम चालत असेल तरी हेच होतं: ठिणग्यांतले लोखंडाचे कण जेलकोटमध्ये रुततात. अशा टिकल्यांवर ही पावडर उत्तम चालते.

मात्र सगळ्याच डागांवर ती चालत नाही. ऑक्झॅलिक लोखंडाला धरून पाण्यात विरघळवतं, म्हणून गंज आणि लाल मुरमाचा रंग जातो. पानांतल्या टॅनिनचा डागही फिका होतो. हिरवं शेवाळ, काळी बुरशी, सनस्क्रीनचा तेलकट थर, पक्ष्यांनी जांभळं खाऊन केलेली जांभळी रांगोळी, यांवर तिचा उपयोग नाही. शेवाळाला सोडियम हायपोक्लोराइटचं (क्लोरीनवाल्या पातळ ब्लीचचं) द्रावण लागतं: पाच टक्क्यांचं असेल तर एक भाग आणि पाणी नऊ भाग, दहा मिनिटं, मग भरपूर धुणं. जांभळाला सोडियम परकार्बोनेट, कोमट पाण्यात लिटरला ३० ग्रॅम. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडून उडून येणारी राख तर यांपैकी कशातच विरघळत नाही. ती कोरडी घासली की जेलकोट खरचटतो, म्हणून आधी नुसत्या पाण्याने वाहवून द्यायची.

शेवाळ काढताना ब्लीचिंग पावडर वापरायचा मोह होतो, कारण ती घरात असतेच. नको. दोन कारणं. एक, क्लोरीनवालं काहीही आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. हायपोक्लोराइटनंतरही डेक नीट धुऊन एक दिवस जाऊ द्यायचा आणि मगच ऑक्झॅलिक. दुसरं कारण, ब्लीचिंग पावडर चुन्यापासून बनते, आणि चुना म्हणजेच साय.

आता साय. ऑक्झॅलिक ॲसिडला कॅल्शियम भेटलं की कॅल्शियम ऑक्झॅलेट तयार होतं. ते लिटरभर पाण्यात दहा मिलिग्रॅमही विरघळत नाही. संगमरवरावर पॉलिश करताना नेमकं हेच हवं असतं: दगडातल्या कॅल्शियमवर ऑक्झॅलेटचा पातळ थर बसतो आणि फरशी चमकते. फरशीवाल्यांचा जो फायदा, तोच डेकवर तोटा. डेकमध्ये कॅल्शियम नाही, ते येतं पाण्यातून. नागपुरात बऱ्याच भागांत बोअरचं पाणी इतकं जड असतं की साबणाला फेस धरत नाही. हिशोब करा: पाण्याचा कठीणपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल तर प्रत्येक लिटरमागे सुमारे ०.४ ग्रॅम ऑक्झॅलेट बसू शकतं. वीस लिटरची एक बादली ओतली की आठ-नऊ ग्रॅम पांढरी भुकटी, तीही थेट खाचांत. म्हणजे 'भरपूर पाण्याने धुवा' हा पुड्यावरचा सल्ला जितका मनापासून पाळाल तितकी साय जाड. पुड्यावर याबद्दल एक ओळ असती तर एक तारा वाचला असता.

पाणी चालेल की नाही ते ओळखायला काचेच्या पेल्यात अर्धा पेला पाणी घ्या, चिमूटभर स्फटिक टाका, ढवळा, पाच मिनिटं ठेवा. गढूळ झालं तर ते पाणी द्रावणालाही नको आणि पहिल्या धुण्यालाही नको. बोअरचं पाणी लगेच दुधाळ होतं. पेंच धरणातून येणारं नळाचं पाणी पुष्कळ बरं, तरी अगदी स्वच्छ राहत नाही. पावसाचं साठवलेलं पाणी आणि एसीच्या नळीतून टपकणारं पाणी काचेसारखं राहतं. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी कुणी सुचवलं तर हात जोडा. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, म्हणून तेच सगळ्यात वाईट.

मऊ, म्हणजे पेल्यात गढूळ न होणारं, पाणी फार लागत नाही, फक्त क्रम बदलावा लागतो. आधी साध्या पाण्याने आणि भांड्यांच्या लिक्विडने तेलकटपणा काढा, कारण तेलाखाली ॲसिड पोचत नाही. हे धुणं बोअरच्या पाण्याने झालं तर स्पंजने पाणी टिपून घ्या आणि डेक वाळू देण्याआधी एकदा मऊ पाण्याने ओला करून परत टिपा. मग प्लास्टिकच्या बादलीत एक लिटर कोमट मऊ पाणी आणि ६० ग्रॅम स्फटिक. थंड पाण्यात ते विरघळायला वेळ लावतात आणि तळाशी दाणे राहतात. ब्रश नायलॉनचा, मध्यम कडक. हिऱ्याच्या नक्षीला दोन तिरक्या दिशा असतात, दोन्हींकडून फिरवा, नाहीतर खाचेची एक बाजू तशीच राहते. दहा-पंधरा मिनिटं ओलं ठेवा, वाळायला लागलं तर पुन्हा ब्रश फिरवा. त्यानंतर पाणी ओतायचं नाही. स्पंजने द्रावण टिपून बादलीत पिळायचं, जेवढं निघेल तेवढं. मग दोन लिटर मऊ पाणी शिंपडून पुन्हा टिपायचं, आणि हेच आणखी एकदा. चार-पाच लिटरमध्ये काम होतं. नंतर हवं तर नळाचा पाइप लावा, आता ऑक्झॅलेट व्हायला ॲसिडच शिल्लक नसतं.

बसलेली साय काढायची असेल तर व्हिनेगरवर पैसे घालवू नका, कॅल्शियम ऑक्झॅलेट त्याला दाद देत नाही. लिंबूसत्वही जवळजवळ निरुपयोगी. टॉयलेट क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक ॲसिड तिला विरघळवतं खरं, पण क्लोराइडमुळे स्टेनलेसच्या फिटिंगवर खड्डे पडतात आणि वर्षभरात नवा गंज ओघळतो. कोरड्या नायलॉन ब्रशने निम्मी निघते. उरलेलीला प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडचं डायसोडियम ईडीटीए (कॅल्शियमला धरून विरघळवणारी पावडर): लिटरला २५ ग्रॅम, त्यात थोडा खाण्याचा सोडा, अर्धा-पाऊण तास भिजवून घासणं. निघते, पण हळू. आणि साय समजून जेलकोटचा खडू घासत बसू नका. ऊन लागून खडूसारखा झालेला जेलकोट गुळगुळीत भागावर आणि टोकांवरही सारखाच पांढरा दिसतो आणि बोटाला भुकटी लागते. साय फक्त खाचांत आणि पाणी साचून वाळतं त्या निचऱ्याच्या बाजूला असते.

खर्ऱ्याचा (सुपारी-तंबाखू-चुन्याच्या मिश्रणाचा) डाग हे नागपूरचं वेगळं प्रकरण. त्यात सुपारीचं टॅनिनही आहे आणि चुनाही. थेट ऑक्झॅलिक टाकलं की तपकिरी जातं आणि त्याच जागी पांढरा ठिपका बसतो. आधी व्हिनेगरने चुना काढायचा (चुन्यावर ते चालतं), धुवायचं, मग परकार्बोनेट, मग उरलं तर ऑक्झॅलिक. खर्रा खाणाऱ्याला काठावरच ठेवणं या सगळ्याहून स्वस्त.

मे महिन्यातली भर: वरचं सगळं हिवाळ्यात लिहिलं होतं, उन्हाळ्यात दोन गोष्टी बदलल्या. पहिली, पंधरा मिनिटं ओलं ठेवा वगैरे विसरा. पारा ४५ च्या आसपास असताना पांढऱ्या डेकवरही द्रावण काही मिनिटांत वाळतं आणि स्फटिक परत खाचेत जमतात. सकाळी सहा ते साडेसात, नाहीतर सावलीत, आणि पट्टीवर प्लास्टिक हवंच. दुसरी गोष्ट तारा वाढवणारी. टिपून घेण्याच्या पद्धतीने धुतलेल्या भागावर साय अजिबात आली नाही, आणि जेलकोटचा पोत तसाच आहे. या प्रमाणात ऑक्झॅलिक जेलकोट खात नाही. मात्र छिद्रं साफ होऊन उघडी राहतात, त्यामुळे नुसता धुऊन सोडलेला भाग सील केलेल्या भागापेक्षा लवकर मळला. नॉन-स्किडसाठीचं पॉलिमर सीलर लावा. वॅक्स किंवा सिलिकॉनचं पॉलिश नको.

निळी ताडपत्री घट्ट बांधून ठेवाल तर आत दमट होऊन शेवाळ येईल. कॅनव्हास, आणि मध्ये हवा खेळायला टेकू. आणि गंजाचा उगम शोधला नाही तर ही पावडर दर दोन महिन्यांनी विकत घ्यावी लागेल. ओघळ जिथून सुरू होतो तिथला स्क्रू काढा, ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचा लावा, भोकात सीलंट भरा.

हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्यांना चष्मा, आणि पावडर ओतताना वाऱ्याकडे पाठ. पोटात गेली तर मूत्रपिंडांवर घाव घालते, म्हणून कोल्ड्रिंकच्या बाटलीत द्रावण कधीही ठेवू नका. ट्रेलर गॅल्व्हनाइज्ड असेल तर जस्ताचा थर खाल्ला जातो, खाली ओघळलेलं लगेच धुवा. बोटीला ॲल्युमिनियमची पट्टी असेल तर तीही आधीच ओली करून ठेवा.

पिळलेलं पाणी अंबाझरी किंवा खिंडसी तलावात सोडायचं नाही, आधी खाण्याच्या सोड्याने त्यातलं ॲसिड मारायचं. १०० ग्रॅम स्फटिकांना साधारण १३५ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. थोडा थोडा टाकत जा, फसफस थांबली की झालं. बादली मोठी घ्या, फेस वर येतो. पुडा उघडल्यावर पावसाळ्यात खडे बांधतो, काम तसंच करतो, पण मोजायला त्रास. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, नाव लिहून, मुलांच्या हाताबाहेर. एका बोटीला अर्धा किलो वर्षभर पुरतो. दुकानदार किलोच गळ्यात मारतो, तर दोघांत वाटून घ्या.