शिसे दिलेल्या उंदरांचे प्रजनन अवयव आणि ऊती तपासणारी एक सेवा

पिण्याच्या पाण्यातून लेड ॲसिटेट (शिशाचा विद्राव्य क्षार) दिलेल्या विस्टार जातीच्या पांढऱ्या उंदरांचे वृषण, अंडाशय आणि गर्भाशय आम्ही एका खासगी प्रयोगशाळेकडे पाठवले होते. स्लाइड तयार करून त्यांवर लेखी अभिप्राय देणे असे या सेवेचे स्वरूप आहे. वृषणाच्या कामासाठी ती निःसंकोच घ्यावी. अंडाशयाचे नमुने मात्र कामाची पद्धत लेखी ठरल्याशिवाय देऊ नयेत, असे माझे मत झाले आहे.

वृषण साध्या फॉर्मॅलिनमध्ये न ठेवता सुधारित डेव्हिडसन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात ठेवावेत, असे त्यांनी आधीच कळवले. ही सूचना मोलाची आहे, कारण फॉर्मॅलिनमुळे शुक्रजनक नलिका (वृषणातील शुक्रपेशी तयार होणाऱ्या नळ्या) आकसतात, पेशींमध्ये पोकळ्या दिसू लागतात आणि शिशाने झालेली हानी कोणती व द्रावणाने झालेली कोणती हे सांगणे अवघड होते. स्लाइडना पीएएस (शर्करायुक्त भाग गुलाबी रंगवणारी पद्धत) आणि हिमॅटॉक्सिलिन (केंद्रके निळी करणारा रंग) यांचे रंजन होते. त्यात शुक्रपेशींच्या टोकावरची ॲक्रोसोमची टोपी गडद गुलाबी उठून दिसते आणि तिच्या आकारावरून शुक्रजननाच्या चक्रातील नलिकेच्या 14 अवस्था ओळखता येतात. अभिप्रायात नुसते ‘ऱ्हास दिसतो’ असे लिहून सोडलेले नव्हते. आठव्या अवस्थेत बाहेर पडायला हव्या होत्या अशा पक्व शुक्रपेशी दहाव्या अवस्थेतील नलिकांमध्येही सर्टोली पेशींना (शुक्रपेशींना आधार व पोषण देणाऱ्या पेशींना) चिकटून राहिल्या आहेत, एवढ्या नेमकेपणाने नोंद केलेली होती. शिशाने टेस्टोस्टेरॉन घटते, आणि शुक्रपेशी सुटण्याची क्रिया त्याच संप्रेरकावर अवलंबून असल्यामुळे ही नोंद आमच्या रक्ततपासणीशी जोडून वाचता आली. शिसे किती दिवस दिले हेही त्यांनी विचारले होते. या उंदरांत शुक्रजननाला सुमारे आठ आठवडे लागत असल्याने तो प्रश्न आवश्यकच होता.

अंडाशयाच्या बाबतीत ही काटेकोर वृत्ती दिसली नाही. प्रत्येक अंडाशयाच्या मधोमध घेतलेल्या एकाच छेदावरून ‘शिसे दिलेल्या गटात आदिम पुटके कमी’ असा निष्कर्ष काढला होता. आदिम पुटके म्हणजे अपक्व अंडपेशी असलेल्या अगदी सुरुवातीच्या सूक्ष्म पिशव्या. पुटके अंडाशयात सारख्या प्रमाणात पसरलेली नसतात; त्यासाठी ठरावीक अंतरावर सलग छेद घ्यावे लागतात आणि केंद्रक दिसेल तेच पुटक मोजावे लागते, म्हणजे एकच पुटक दोनदा मोजले जात नाही. मादीचे ऋतुचक्र चार-पाच दिवसांचे असताना तिची त्या दिवशीची अवस्थाही कोणी विचारली नाही. गर्भाशयाच्या अस्तराची जाडी या चक्रानुसार बदलते; ते पातळ असल्याचा त्यांचा शेरा म्हणूनच मी ग्राह्य धरला नाही. प्राण्यांचा जीव घेऊन मिळवलेल्या नमुन्यांवर इतके घाईचे मत देणे मला अजिबात मान्य नाही.

रक्तातील शिसे ते ग्रॅफाइट फर्नेस पद्धतीने (नमुना तापवून त्यातील धातूने शोषलेल्या प्रकाशावरून) मोजतात आणि त्यासाठी शिसेमुक्त नळ्या स्वतःच पाठवतात. या कामात तक्रारीला जागा नव्हती.

पॅराफिनचे ठोकळे सुस्थितीत, क्रमांकासह परत मिळाले, ही शेवटी मोठीच सोय ठरली. हरकत कळवल्यावर त्याच ठोकळ्यांतून सलग छेद काढून मिळाले, पण त्याचे शुल्क वेगळे पडले. नव्या मोजणीत दोन गटांतील फरक कायम राहिला, परंतु पहिल्या अहवालात होता त्याहून तो बराच कमी भरला.