भोकापर्यंत पाना पोचत नाही तेव्हा : रॅकवरच्या ग्राइंडरचा पाडवा ते खंडेनवमीचा अनुभव

सहा इंची बेंच ग्राइंडर (धार लावायचं, बाकावर बसवायचं चाकाचं मशीन), स्लॉटेड अँगलचा (भोकं असलेल्या लोखंडी पट्ट्यांचा) रॅक, 20 गेज पत्र्याची 36 बाय 15 इंची फळी आणि पाठीमागं भिंत. छोट्या वर्कशॉपमध्ये ही मांडणी सर्रास दिसते, आणि अडचणही तीच. ग्राइंडरच्या मागच्या पायांची भोकं मोटरच्या पोटाखाली असतात. पायाच्या वर जेमतेम 35 मिमी जागा, त्यामुळे बोल्ट वरून सरळ उतरत नाही. खालून नट धरावा तर हात फळीच्या मुडपीला (खाली वळवलेल्या कडेला) आणि खालच्या खणातल्या सामानाला अडतो. मग पुढचे दोनच बोल्ट मारून काम चालू होतं. मशीन मागून उचलायला लागतं, आणि पुढचे बोल्ट पत्र्याची भोकं लांबट करत जातात.

पाडव्याला बसवलेली रचना अशी : ग्राइंडर फळीवर कसायचाच नाही. तो आधी बाकावर, चारी बाजूंनी हात फिरतो तिथं, 6 मिमी जाडीच्या एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटवर कसायचा आणि मग ती प्लेट फळीवर बसवायची. प्लेट 300 बाय 300, वजन सव्वाचार किलो. जालन्याकडं किंवा चिकलठाण्याच्या भंगारात असे तुकडे किलोवर मिळतात. कापलेली कड ग्राइंड करून घ्यावी, नाहीतर प्लेट सरकवताना बोटं कापतात.

सगळ्यात जास्त चुका भोकं उतरवताना होतात. ग्राइंडर उलटा करून तळावर पुठ्ठा धरा आणि भोकांवर हातोडीच्या गोल बाजूनं हलकं ठोका. पुठ्ठ्यावर भोकांची गोल कड उमटते. आता पुठ्ठ्याची मशीनला लागलेली बाजू प्लेटवर ठेवताना वर आली पाहिजे. ती खाली गेली तर भोकं आरशातल्यासारखी उलटी पडतात आणि ज्या मशीनचे पाय दोन्हीकडं सारखे नाहीत, तिथं प्लेट वाया जाते.

प्लेटला 9 मिमीची चार भोकं आणि खालच्या बाजूनं काउंटरसंक, म्हणजे बोल्टचं डोकं आत बसेल असा शंकूसारखा खळगा. इथं 118 अंशाचं साधं ड्रिल फिरवून काम उरकू नये. एम 8 च्या (8 मिमी व्यासाच्या) काउंटरसंक बोल्टचं डोकं 90 अंशाचं असतं. 118 च्या खळग्यात ते नुसतं कडेवर टेकतं आणि ती कड चेपली की बोल्ट सैल. डोकं प्लेटच्या पातळीपेक्षा अर्धा मिमी आतच राहावं. वर राहिलं तर प्लेट फळीवर डुगडुगते.

खालून एम 8 बाय 40 चा अ‍ॅलन काउंटरसंक बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेला) घाला, वरून 4 मिमी जाडीचा पातळ नट लावा आणि 5 मिमीच्या अ‍ॅलन कीनं डोकं धरून नट घट्ट आवळा, आट्यांवर थ्रेडलॉकचा (आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) थेंब टाकून. या पातळ नटामुळं बोल्ट प्लेटला कायमचा बांधला जातो. पुढं वरचा नट कसताना खालून कुणी धरायची गरजच उरत नाही. हा नट सोडून दिला, तर प्लेट फळीवर बसल्यावर बोल्ट नटाबरोबर नुसता फिरत राहतो आणि सगळं परत उतरवावं लागतं.

त्यावर रबर. साखर कारखान्याच्या भंगारातून आलेला, आत कापडाचे पदर असलेला 8 मिमी कन्व्हेयर बेल्ट यासाठी उत्तम. साधं रबर काही आठवड्यांत पसरतं, कापडाचे पदर त्याला धरून ठेवतात. पातळ नट आत बसावा म्हणून 16 मिमीचं भोक लागतं. पाइपच्या तुकड्याला धार लावून, साबणाच्या पाण्यात बुडवून ठोकलं की ते साफ पडतं. रबरावर ग्राइंडरचा पाय, मग वायसर, मग नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा). 13 चा पाना मोटरच्या पोटाखाली आडवा जातो, एका वेळी जरा जराच फिरतो, पण बाकावर घाई नसते. रबर साधारण एक मिमी दबलं की थांबावं. जास्त आवळलं तर पाय पातळ नटावर टेकतो आणि रबर असून नसल्यासारखं होतं. रबरावर बोल्टला पक्का ताण मिळत नाही, म्हणून इथं साधा नट आणि स्प्रिंग वायसर टिकत नाही. नायलॉकच हवा, आणि एकदा उघडला की नवा.

फळीचा 0.9 मिमी पत्रा एकटा हे कंपन सोसत नाही. खाली 35 बाय 35 बाय 5 चे दोन अँगल, टोकं फळीच्या मुडपीत बसतील असे, एक पुढं आणि एक मागं. पुढच्या अँगलला खालून दोन एम 8 नट वेल्ड करून घ्यावेत. वेल्ड करताना नटात ग्रीस लावलेला जुना बोल्ट घालून ठेवला तर नट भोकाशी सरळ राहतो आणि आट्यांत ठिणग्या बसत नाहीत. नंतर एकदा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवावा.

भिंतीकडच्या बाजूला हात जातच नाही, तिथं बोल्टऐवजी जीभ. 20 मिमी रुंद, 6 मिमी जाड पट्टी खाली, तिच्यावर 40 रुंद 5 मिमी पट्टी, मधे एक मिमीचे वायसर. ही जोडी फळी रिकामी असताना, रॅक भिंतीपासून ओढून एम 6 बाय 30 च्या तीन बोल्टनी मागच्या अँगलला कसायची. वरची पट्टी 20 मिमी पुढं राहते. प्लेटची मागची कड तिच्याखाली सरकते आणि पुढून एम 8 बाय 25 चे दोन बोल्ट वेल्ड केलेल्या नटांत बसतात. कडेला वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी सोल्युशननं चिकटवली की खडखड थांबते. पहिले दोन दिवस ती नव्हती, तेव्हा चाक बंद होताना जिभेतून स्पष्ट आवाज यायचा.

पंधरा दिवसांनी चारी नायलॉक पाव फेरा आवळले, दोन महिन्यांनी मागचा डावा एकटा. नटावरून पायावर ऑइल पेंटची एक रेघ ओढून ठेवली आहे. ती तुटलेली दिसली की कळतं. त्यानंतर रेघ हलली नाही. खंडेनवमीला सगळं उघडलं : रबर अंदाजे अर्धा मिमी बसलेलं, पायांना तडा नाही, बोल्ट जागच्या जागी. जिभेच्या खाचेत मात्र काळी लोखंडी पूड गच्च भरलेली, आणि पावसाळ्याच्या दमटपणानं प्लेटची मागची कड गंजलेली. तिथं रेड ऑक्साइड आधीच मारायला हवा होता. अख्खा ग्राइंडर काढायला दोन बोल्ट, दोन मिनिटं.

मशीन साधारण 13 मिमी उंच होतं, ते चालतं. रबर मधे आल्यावर मशीनची बॉडी आणि रॅक यांचा विजेचा जोड फक्त बोल्टांतून राहतो, त्यावर मात्र भरवसा ठेवून चालणार नाही : तीन पिनचं अर्थिंग चालू आहे ना ते तपासा आणि रॅकला वेगळी अर्थिंग द्या. रॅक भिंतीला अँकर फास्टनरनं धरा, विटेत, सांध्यात नाही. आणि नट वारंवार सैल होत असतील तर आधी चाक पाहा. 50 हर्ट्झवर ते मिनिटाला 2800 च्या आसपास फेरे घेतं. एका बाजूला झिजलेलं चाक कुठलीही बांधणी हलवतं. ड्रेसर (चाकाची कड सारखी करायचं अवजार) फिरवल्यावर अर्धी थरथर गेली होती.

त्याच रॅकवर बॅटरी चार्जरही आहे, त्याची भोकं तळाला. तो आधी साध्या फोमच्या डबल टेपवर होता. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये टेप मऊ पडून चार्जर बोटभर सरकला. आता फळीला 7 मिमीचं भोक पाडून एम 5 चे रिव्हनट (पत्र्याच्या भोकात रिव्हेटसारखे दाबून बसवायचे नट) आणि वरून पट्टी. कंपन नसलेल्या वस्तूला एवढं पुरतं. ग्राइंडरला रिव्हनट लावू नयेत, 0.9 च्या पत्र्यात ते जागीच फिरायला लागतात, आणि फिरणारा रिव्हनट ड्रिल करूनच काढावा लागतो.