मंद स्रोतांच्या मिडी डेटासाठी ईडब्ल्यूएस: वापरून बघितलेलं

चिलीतल्या पारानाल वेधशाळेवरचं मिडी हे दोन दुर्बिणींचा अवरक्त प्रकाश एकत्र करणारं उपकरण २०१५ साली बंद झालं, पण त्याचा डेटा ईएसओच्या (युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरी) संग्रहात सगळ्यांना खुला आहे. राजारामपुरीतल्या घरात बसून ८.२ मीटरच्या दोन दुर्बिणींच्या फ्रिंज (दोन्हींचा प्रकाश एकत्र आल्यावर उमटणारे उजळ-काळे पट्टे) चाळता येतात, हीच मुळात मजा. त्यासाठी मी नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये तयार झालेलं ईडब्ल्यूएस हे मिडीचा डेटा सोडवायचं सॉफ्टवेअर वापरतो. पॅकेज फुकट, ते ज्यावर चालतं ती आयडीएल ही प्रोग्रॅमिंगची भाषा मात्र विकतची.

तारा तेजस्वी असला तर विषयच नाही, सगळं आपोआप होतं. खरा कस लागतो सक्रिय दीर्घिकांसारख्या (केंद्रातलं कृष्णविवर वायू गिळत असलेल्या) मंद स्रोतांना. मिडी बघतं ८ ते १३ मायक्रॉनमध्ये, आणि ३०० केल्विनची, म्हणजे साधारण २७ अंश सेल्सिअसची, वस्तू नेमकी १० मायक्रॉनच्या आसपासच सर्वात जास्त चमकते. म्हणजे आकाश, आरसे, सगळेच पेटलेले. भर दुपारी रंकाळ्यावर काजवा शोधायचा प्रकार! ईडब्ल्यूएस उपकरणातून बाहेर पडणाऱ्या दोन प्रकाशशलाका एकमेकींतून वजा करतं. फ्रिंज दोन्हींत उलट्या कलेत असल्यानं टिकतात, पार्श्वभूमी बरीचशी निघून जाते. मग फूरिए रूपांतरानं वातावरणानं घातलेला विलंब (एका दुर्बिणीचा प्रकाश दुसरीपेक्षा किती मागं पडला तो) शोधायचा, तो काढून फ्रेमा सरळ करायच्या आणि मगच सरासरी घ्यायची. हा भाग भारी जमलाय.

गोची अशी, की विलंब शोधणं म्हणजे त्या रूपांतरातलं सगळ्यात उंच शिखर शोधणं, आणि शिखर नुसत्या गोंगाटातही असतंच. एमएस्सीची एक विद्यार्थिनी खुशीत म्हणाली, "सर, फ्रिंज घावली बघा!" म्हटलं, "पुढच्या फ्रेममध्ये बघ की जरा." तिथं शिखर भलतीकडंच. खरा विलंब हळूहळू सरकतो, म्हणून विलंबाच्या चित्रात तो सलग, वळणं घेत जाणारा पट्टा दिसतो. ते चित्र उघडल्याशिवाय आकडा वहीत उतरवू नका.

शेजारच्या फ्रेमा मिळवून शिखर ठळक करायची सोय आहे, तीही जपून वापरा. जास्त मिळवल्या तर सरकता विलंब पुसट होतो आणि सहसंबद्ध प्रवाह (स्रोताच्या प्रकाशातला फ्रिंज देणारा भाग) खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. यावर खात्रीचा उपाय आहे: तेजस्वी प्रमाण ताऱ्याच्या (ज्याचा प्रवाह आधीच माहीत आहे अशा) डेटातला संकेत मुद्दाम मंद करा आणि त्याच सेटिंगनं चालवा. घातलेला प्रवाह परत मिळाला नाही तर सेटिंग चुकलंय.

आणि मंद स्रोताची दृश्यमानता, म्हणजे सहसंबद्ध प्रवाह भागिले एकूण प्रवाह, काढायच्या भानगडीत पडू नका. तिच्या छेदात एकेका दुर्बिणीचा एकूण प्रवाह येतो, आणि तिथं पार्श्वभूमीचा गोंधळ सगळं खाऊन टाकतो. सहसंबद्ध प्रवाह जान्स्की या प्रवाहाच्या एककातच द्या.

शिकायला एनजीसी १०६८ ही सक्रिय दीर्घिका घ्या. २००४ साली मिडीनं तिच्या केंद्रातली तापलेली धूळ दाखवली होती, आणि अशा दीर्घिकांत ती बऱ्यापैकी उजळ आहे. आयडीएल परवडत नसेल तर मिडीनंतर पारानालवर आलेल्या मॅटिस या उपकरणाचा डेटा घ्या. त्याची ईएसओची पाइपलाइन (डेटा सोडवायचं सॉफ्टवेअर) वेगळी आहे आणि फुकट मिळते.