व्हर्च्युअलबॉक्स आणि घरचं वायफाय: भांडण लागतं कुठे?

ओरॅकलचं व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर ('मशीन') चालवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि ८ जीबी रॅमच्या साध्या लॅपटॉपवर हलकं लिनक्स किंवा जुनं विंडोज ७ नीट चालवतं. घाटंजी, आरमोरीकडच्या पोरांना लिनक्स शिकायला आणि सेवा केंद्रवाल्यांना जुन्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर चालू ठेवायला याहून सोयीचं काही नाही. फक्त नेटवर्कची सेटिंग चुकली की घरातले फोन, प्रिंटर, टीव्ही सगळेच अडखळतात आणि दोष राऊटरवर जातो.

नवं मशीन बनवलं की ते आपोआप 'नॅट'वर असतं, म्हणजे लॅपटॉपच्याच आडून नेटवर जातं. त्याला १०.०.२.१५ हा पत्ता (आयपी) मिळतो आणि तो लॅपटॉपच्या बाहेर दिसत नाही. राऊटरच्या लेखी लॅपटॉप एकच, म्हणून भांडणच नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटवरही हेच वापरावं. आतल्या मशीनवरचा वेब सर्व्हर फोनवर बघायचा असला तरी नॅट सोडू नका. मशीनच्या नेटवर्क सेटिंगमधल्या पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये (लॅपटॉपकडे आलेली मागणी आतल्या मशीनकडे वळवायची सोय) होस्ट म्हणजे लॅपटॉपचा पोर्ट ८०८०, गेस्ट म्हणजे आतल्या मशीनचा पोर्ट ८० भरा, आयपीचे रकाने रिकामे ठेवा, फायरवॉलने विचारलं तर परवानगी द्या. फोनवर लॅपटॉपचा आयपी आणि पुढे :८०८० टाकलं की पान उघडतं.

खरी कटकट 'ब्रिज्ड ॲडॅप्टर'ची. त्यात राऊटरला घरात आणखी एक कॉम्प्युटर आल्यासारखं दिसतं. समजा आतल्या मशीनला हाताने १९२.१६८.१.५० दिला, आणि राऊटर २ पासून २५४ पर्यंतचे पत्ते वाटतो. .५० कोणी घेतलाय हे त्याच्या यादीत नसतं. आपल्याकडे हे लाईन गेल्यावर उघडं पडतं. राऊटर बंद होतो, बऱ्याच घरगुती राऊटरची वाटपाची यादीही पुसली जाते. लॅपटॉप मात्र बॅटरीवर सुरूच, आतलं मशीन .५० धरून बसलेलं. लाईन आली की पत्ते नव्याने वाटले जातात आणि .५० प्रिंटरला जाऊ शकतो. मग एक प्रिंट निघते, दुसरी अडकते. राऊटरच्या डीएचसीपीत (पत्ते आपोआप वाटणारी सोय) वाटपाची हद्द १०० ते २०० करा आणि हाताने द्यायचे पत्ते १०० च्या खाली ठेवा.

खात्री करायची तर प्रिंटर बंद करा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून .५० ला पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते बघा. तरी उत्तर आलं तर पत्ता दुसऱ्याच कोणाकडे आहे. लगेच 'एआरपी -ए' कमांड देऊन त्यासमोरचा मॅक (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) वाचा. सुरुवात ०८-००-२७ ने असेल तर ते व्हर्च्युअलबॉक्सचं मशीन. लॅपटॉप वायफायवर असेल तर ही खूण सापडत नाही, कारण तिथे बाहेर लॅपटॉपचाच मॅक जातो. अशा वेळी लॅपटॉपलाही पिंग करा. दोन पत्त्यांसमोर एकच मॅक दिसेल.

सर्व्हरच्या अभ्यासासाठी आतल्या मशीनवर डीएचसीपी चालवायचं असेल तर 'इंटर्नल नेटवर्क'च घ्या, ते आतल्या मशीनपुरतंच असतं. ब्रिज्डवर तेच केलं तर घरचे फोन त्याच्याकडून पत्ते घेऊ लागतात, आणि वायफायच्या काड्या पूर्ण असूनही नेट चालत नाही.

गुण कापायचा तो क्लोनसाठी, म्हणजे मशीनची हुबेहूब नक्कल करण्याच्या सोयीसाठी. क्लोन करताना नॅटवरचे मॅक तसेच ठेवायचा पर्याय आधीच निवडलेला असतो. नॅटवर असेपर्यंत त्याने काही बिघडत नाही. पुढे दोन्ही मशीन ब्रिज्डवर नेली की मॅक सारखाच आणि आयपीही सारखाच. म्हणून सगळ्या ॲडॅप्टरना नवे मॅक देण्याचा पर्याय निवडा. उबंटू सर्व्हर असेल तर तेवढ्याने भागत नाही. तो राऊटरला आपली ओळख मॅकवरून न देता 'मशीन-आयडी'वरून देतो, आणि ती क्लोनमध्ये जशीच्या तशी येते. क्लोनमधली 'ईटीसी' फोल्डरातली मशीन-आयडी फाईल रिकामी करून रीस्टार्ट करा, नवी ओळख तयार होते. फाईल उडवायची नाही, रिकामीच ठेवायची.

'होस्ट-ओन्ली' म्हणजे फक्त लॅपटॉप आणि आतली मशीन यांच्यातलं नेटवर्क. त्याच्या पत्त्यांचा पट्टा १९२.१६८.५६ चा, तो घरच्या राऊटरशी सहसा टकरत नाही. कोणी तो बदलून १९२.१६८.१ केला असेल तर वायफाय जोडलेलं दिसतं, पण राऊटरचं पान उघडत नाही, कारण राऊटरसाठीची मागणी विंडोज होस्ट-ओन्लीच्या आभासी नेटवर्क कार्डाकडे पाठवू शकतं. फाईल मेनूतल्या टूल्समध्ये नेटवर्क मॅनेजर उघडून तो परत ५६ वर आणा.